पेठेत नवीन दुकान टाकलंय? व्यापारी संघटनेची वर्गणी, समाजकार्य आणि कार्यक्रम: पहिल्या वर्षाची वाटचाल

दुकान उघडून आठवडासुद्धा झाला नसेल, तोवर चार माणसं येतात. एकाच्या हातात पावती पुस्तक, बाकीचे तिघे सोबत म्हणून. "वहिनी, संघटनेची वर्गणी." किती? "सगळे देतात तेवढी." कशासाठी? "सामाजिक कार्य असतं की ओ आपलं!" मी पैसे दिले. पावतीवर रक्कम होती, तारीख होती, सही होती. 'कशासाठी' ही जागा कोरी होती.

माझं सांगलीत भांड्यांचं छोटं दुकान आहे. पेठेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते थोड्याफार फरकाने कुठल्याही गावच्या बाजारपेठेत चालतं. आता ते पावती पुस्तक माझ्याकडे असतं. ती कोरी जागा भरायला शिकताना जे धक्के खाल्ले, ते नव्या दुकानदाराला बसू नयेत म्हणून हा लेख.

१. दारात आलेली संघटना नेमकी कुठली?

बाजारात तीन-चार मजले असतात. तळाला पेठेची किंवा रस्त्याची संघटना, मग किराणा, कापड, सराफ अशा धंद्यांच्या संघटना, वर शहराची किंवा जिल्ह्याची व्यापारी संघटना, आणि त्याच्याही वर राज्याचं चेंबर. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स १९२७ साली वालचंद हिराचंद यांनी उभं केलं. पुण्याचं मराठा चेंबर १९३४ चं. ही मोठी मंडळी सरकारी धोरण, कर, वीजदर यांवर बोलतात. तुमच्या दुकानासमोरची बंद पथदिव्याची तक्रार त्यांच्याकडे नेऊन उपयोग नाही, ती पेठेच्या संघटनेची. उलट जीएसटीच्या नियमावरचं गाऱ्हाणं पेठेच्या बैठकीत दोन तास रंगतं आणि चहाबरोबर संपतं.

समाजकार्याच्या बाबतीत हे आधी कळलेलं बरं, कारण एकाच महिन्यात तिघेजण वर्गणी मागायला येऊ शकतात आणि तिघांचंही म्हणणं 'आपलीच संघटना' असं असतं. माझा नियम: सभासद एका पेठेच्या आणि एका धंद्याच्या संघटनेचं व्हायचं. बाकीच्यांना कामापुरती मदत करायची, वार्षिक बांधिलकी घ्यायची नाही.

२. सभासद होताना

सोबत ठेवायची कागदं फार नाहीत:

- शॉप ॲक्टची पावती. २०१७ च्या कायद्यानंतर ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नसतो, ऑनलाइन सूचना दिल्याची पावती असते. जुनी मंडळी 'लायसन कुठाय?' म्हणतात, त्यांना तीच दाखवा.
- पॅन, आणि असेल तर जीएसटी क्रमांक
- उद्यम नोंदणी (लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी; सक्तीची नाही, पण पुढे विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी कामाला येते)
- भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती
- दोन फोटो

फॉर्म स्वतः भरा. माझ्या फॉर्मवर 'मालकाचे नाव' या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव आधीच लिहून आणलं होतं. शॉप ॲक्ट माझ्या नावाने, जीएसटी माझ्या नावाने, आणि सभासद मात्र तो! खोडून माझं लिहिलं. क्षुल्लक वाटेल, पण सभेत मत कुणाचं आणि पदाधिकारी कोण होऊ शकतं हे त्या रकान्यावर ठरतं. नंतर मला 'हळदीकुंकवाचा कार्यक्रम तेवढा बघा' असं सांगण्यात आलं. मी हळदीकुंकूही बघितलं आणि त्याचा हिशोबही मागितला. खजिनदारपदाची सुरुवात तिथून झाली.

३. संघटना कागदावर जिवंत आहे का ते बघा

संकोच करू नका, विचारा. बऱ्याच व्यापारी संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली (त्यासाठी किमान सात माणसं लागतात) आणि जोडीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. काही नुसत्याच 'आपल्या' असतात: लेटरहेड आहे, शिक्का आहे, नोंदणी नाही.

नोंदणी असेल तर तीन गोष्टी मागा: संघटनेची घटना, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, आणि सध्याच्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट मंजूर झालाय का. इथेच बहुतेक संघटना अडकतात. नवे पदाधिकारी निवडले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात तो बदल कळवावा लागतो. आपल्याकडे हार-तुरे होतात, पेपरात फोटो येतो आणि चेंज रिपोर्ट तेवढा राहून जातो. मग पुराच्या आठवड्यात बँकेत पैसे काढायला जावं, तर बँकेच्या दप्तरी सहीचे अधिकार अजून दोन निवडणुकांपूर्वीच्या पदाधिकाऱ्यांकडे. त्यातले एक पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले! ही आमचीच गोष्ट. दोष कुणाचा म्हणाल तर आमचा सगळ्यांचा.

नोंदणी नसेल तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला परवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१क. गणेश मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात, त्यामुळे शेजारच्या मंडळाचा सचिव तुम्हाला वकिलापेक्षा चांगलं समजावून सांगेल. परवानगी एका कामापुरती असते आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. 'आम्ही तर फक्त आपसातच गोळा करतो' हे म्हणणं गिऱ्हाईकांसमोर दानपेटी ठेवली की संपतं.

४. पैसा: खातं, पावती, आणि फुकट दिलेले साठ डबे

संघटनेच्या नावावर पॅन, संघटनेच्या नावावर खातं, तिघांपैकी दोघांच्या सह्या. क्यूआर कोड त्याच खात्याचा. 'आत्ता माझ्या नंबरवर पाठवा, मी भरतो नंतर' हे वाक्य ऐकलं की हात आवरा. माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्या खात्यात संघटनेचे पैसे आले की ते त्याच्या मुलाच्या फीमध्ये, दुकानाच्या मालात मिसळतात आणि वर्षाच्या शेवटी कुणालाच आठवत नाही.

पावती पुस्तकावर छापील अनुक्रमांक हवा, कार्बनची प्रत हवी, आणि एका वेळी एकच पुस्तक बाहेर हवं. आमच्याकडे पूर्वी तीन टोळ्या तीन पुस्तकं घेऊन फिरायच्या. एका पुस्तकाच्या मधल्या नऊ पावत्या कधीच सापडल्या नाहीत. कुणी खाल्ले असं मी म्हणत नाही, पण त्यानंतर दोन गल्ल्यांनी वर्गणी द्यायचं बंद केलं. ते परत आणायला तीन वर्षं लागली.

करसवलतीबद्दल दुकानदारांचा मोठा गैरसमज असतो. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांच्या हितासाठी काढलेल्या संघटनेला सहसा ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) नसतंच. त्यामुळे 'वर्गणी दिली, आता टॅक्समधून वजा' हे होत नाही. ८०जी असलेल्या संस्थेला देणगी दिली तरी दोन हजारांवरची रोख रक्कम चालत नाही, आणि वैयक्तिक विवरणपत्र नव्या करप्रणालीत भरत असाल तर ती सवलत मिळतच नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. बाजारात अजून जुनेच बोलले जातात. आकडा पाठ करण्यापेक्षा सीएला विचारा. आम्ही सोपा मार्ग काढलाय: ज्याला सवलत हवी त्याने थेट रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या नोंदणीकृत ट्रस्टला चेक द्यायचा, संघटना फक्त यादी करून पोचवते. पावती थेट देणाऱ्याच्या नावाने येते.

आणि हे माझं स्वतःचं. पहिल्या वर्षी उत्साहात मी दुकानातले साठ स्टीलचे डबे एका शाळेला दिले. बिल नाही, काही नाही. वर्षअखेर सीएने साठा जुळवला आणि विचारलं, "हे डबे कुठं गेले?" मी अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "छान केलं ताई, पण यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं." इनपुट क्रेडिट म्हणजे माल खरेदी करताना भरलेल्या जीएसटीची वजावट. जीएसटीत फुकट दिलेल्या मालावरचं हे क्रेडिट मिळत नाही, कलम १७(५). रक्कम मोठी नव्हती, पण सहा महिन्यांचं व्याज, कागद आणि त्याची फी धरून ते साठ डबे पंच्याहत्तरला पडले म्हणा ना. आता मी संघटनेला रीतसर बिल करते आणि वर्गणी वेगळी देते. तुम्हीही माल द्यायचा असेल तर द्यायच्या आधी सीएला फोन करा, नंतर नको.

५. काम निवडताना एकच प्रश्न: बुधवारी हे कोण धुणार?

समाजकार्याच्या बैठकीत सूचना भराभर येतात. पाणपोई, कॅमेरे, बाकडी, कचऱ्याचे डबे, शिष्यवृत्ती, रुग्णवाहिका. सगळ्या चांगल्या. मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारते: उद्घाटनानंतरच्या तिसऱ्या बुधवारी हे कोण धुणार, भरणार, दुरुस्त करणार?

पाणपोईचंच घ्या. रांजण, ओला तरट, पितळी ओगराळं, सावलीला हिरवं कापड. खर्च किरकोळ. पण रोज सकाळी रांजण घासून भरणारा माणूस नेमला नाही तर आठ दिवसांत तळाला शेवाळ धरतं आणि लोक पुढच्या रसवंतीत जातात. आम्ही कोपऱ्यावरच्या चहावाल्या मावशींना उन्हाळ्याचे तीन महिने ठरावीक पैसे देतो. रांजणापेक्षा जास्त पैसे मावशींना जातात आणि ते तसंच असायला हवं.

कॅमेऱ्यांचं याहून कठीण. बसवायला देणगीदार मिळतो, कारण त्याचं नाव पाटीवर येतं. देखभालीच्या करारावर कुणाचं नाव लागत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत. आमच्या चौकात चोरी झाली तेव्हा पोलिसांनी चित्रीकरण मागितलं. यंत्र चालू, दिवे लुकलुकतायत, आतली डिस्क सात महिन्यांपूर्वी मेलेली. कॅमेरे घ्यायचे तर पहिल्या दिवशीच तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढा, नाहीतर घेऊ नका. रस्त्याकडे तोंड करून लावण्याआधी पोलीस ठाण्याशी बोलून जागा ठरवा.

शिष्यवृत्तीचं सोपं आहे आणि टिकतं, फक्त ती सत्कारापासून वेगळी ठेवा. व्यापाऱ्यांच्याच मुलांना टक्क्यांवर बक्षिसं देणं हा घरचा कार्यक्रम झाला. हमाल, दुकानात कामाला असलेली पोरं, हातगाडीवाले यांच्या मुलांची अकरावीची किंवा आयटीआयची फी थेट संस्थेत भरणं, हे समाजकार्य. स्टेजवर बोलावून लिफाफा देऊ नका. ज्या मुलीला आम्ही पहिल्यांदा असं बोलावलं, ती लिफाफा घेताना खाली बघत होती आणि समोर तिचे वडील गोण्या उतरवत होते. पुढच्या वर्षीपासून बंद.

६. पूर: आमच्याकडचं सगळ्यात मोठं काम

नदीकाठच्या बाजारपेठेत दुकान असेल तर हा भाग दोनदा वाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, त्याच पावसात तिकडे वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला 'कसं काय' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतो.

२०१९ नंतर आम्ही पैसे कुठे घातले ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी फुटांची वही केली. कुठल्या गल्लीत आयर्विनच्या कितव्या फुटाला पाणी शिरतं, कुठल्या दुकानाच्या पायरीला कधी लागतं, हे जुन्या दुकानदारांना आणि हमालांना विचारून लिहून काढलं. भिंतींवर अजून डाग होते, ते मोजले. खर्च: एक वही आणि एक रविवार. आता कोयनेतून विसर्ग वाढला की प्रत्येकाला कळतं, आपला माल उचलायला किती तास आहेत. तुमच्या गावात पूल वेगळा असेल, पण अशी खूण असतेच.

मग उंचावरची जागा. शहराच्या वरच्या भागातल्या एका मंगल कार्यालयाशी जून ते सप्टेंबरसाठी बोलणी करून ठेवतो आणि दोन टेम्पोवाल्यांना आगाऊ देतो. पाणी वाढताना टेम्पोचं भाडं तासागणिक चढतं, तेव्हा घासाघीस करायला वेळ नसतो.

तिसरं, विमा. जून लागायच्या आधी एका दुपारी सगळ्यांना पॉलिसी घेऊन बोलावतो आणि जाणकाराकडून वाचून घेतो. लहान दुकानांसाठी २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, आणि तिच्यात पूर धरलेला आहे. पण विमा रक्कम जुन्या साठ्यावर अडकलेली असते. दिवाळीच्या मालाने दुकान गच्च भरलेलं आणि पॉलिसी पाच वर्षांपूर्वीच्या निम्म्या साठ्याची. दाव्याच्या वेळी मग हातात थोडंच पडतं. शिवाय खरेदीची बिलं दुकानातच, पाण्याखाली! त्या दुपारी आम्ही प्रत्येकाच्या मोबाईलवरून बिलांचे फोटो काढून घरच्या माणसाला पाठवायला लावतो. दर महिन्याच्या एक तारखेला साठ्याचाही एक व्हिडिओ. एवढं केलं तरी निम्मं भांडण वाचतं.

बोटीबद्दल. दर पावसाळ्यात कुणीतरी उठून म्हणतो, संघटनेने रबरी बोट घेऊ. २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, ते आठवून मी विरोध करते. बोट चालवायला शिकलेली माणसं, जॅकेटं, इंजिनाची देखभाल हे सगळं असेल तरच. नसेल तर ते पैसे पूर ओसरल्यावर लागतात: गाळ काढायला फावडी, पाण्याचे पंप, जंतुनाशक, गमबूट. गाळात अनवाणी उतरून लोक आजारी पडतात. हमालांच्या वस्त्या आमच्या दुकानांपेक्षा खोलगट भागात आहेत. पहिले पंप तिकडे जातात, हा ठराव आहे आणि तो इतिवृत्तात लिहिलेला आहे. तोंडी ठेवला असता तर पाणी आल्यावर विसरला गेला असता.

७. वर्षाचं पत्रक

कार्यक्रम ठरवताना दिनदर्शिका भिंतीवरून काढून टेबलावर ठेवा. आमचं येणारं वर्ष ढोबळमानाने असं: मे महिन्यात पाणपोई आणि विम्याची दुपार, जूनला शाळा उघडायच्या सुमारास फी, आषाढात वारीच्या दिंड्यांना चहा-नाष्टा, गणपतीत स्वच्छता आणि पिण्याचं पाणी, दिवाळीच्या आधी वाहतूक नियोजनाची बैठक, जानेवारीत हळदीकुंकू (आता त्यात महिला दुकानदारांसाठी हिशोबाचा तास असतो) आणि मार्चनंतर वार्षिक सभा. सांगलीत संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं. त्या दिवशी पेठेत दुसरं काही ठेवू नका, माणूस हलत नाही.

यातलं सगळ्यात जास्त चुकतं ते रक्तदान शिबिर, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

पहिली चूक तारखेची. पुढाऱ्याचा वाढदिवस किंवा संघटनेचा वर्धापन दिन पकडून एका दिवसात तीनशे पिशव्यांचा विक्रम करायचा. रक्त टिकतं साधारण ३५ दिवस, प्लेटलेट तर फक्त पाच दिवस. एकदम आलेल्या तीनशे पिशव्यांपेक्षा तीन-तीन महिन्यांनी साठ-साठ पिशव्या रक्तपेढीला जास्त उपयोगी. तुटवडा येतो मे महिन्यात आणि दिवाळीत, कॉलेजं बंद, लोक गावाला. आणि पावसाळ्यानंतर डेंगीत प्लेटलेटसाठी पळापळ. रक्तपेढीला फोन करून विचारा, 'तुम्हाला कधी हवंय?' हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती.

दुसरी चूक: उपवास. आमचं गाव गणपतीचं, अर्ध्या पेठेला संकष्टी. एका वर्षी शिबिर नेमकं संकष्टीला पडलं. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. मंडपात केळी, बिस्किटं, खाटा, डॉक्टर सगळं तयार आणि लोक हात जोडून जातायत. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार टाळा. रमजानचा महिनाही बघा.

तिसरी: नाकारलेली माणसं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांनी तीन आणि बायकांनी चार महिन्यांचं अंतर. ही यादी आधीच भिंतीवर लावली नाही तर वजनकाट्यावरून परत पाठवलेली मुलगी पुन्हा कधी येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही नाही म्हणतात, आणि व्यापाऱ्यांत साखर किती आहे ते काय सांगायचं! नाकारलेल्यांनाही चहा आणि रांगेत कुठलंतरी काम द्या.

भेटवस्तूंचा मोह आवरा. १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद आहे. हेल्मेट आणि मिक्सरची लालूच दाखवली की माणूस मागच्या महिन्यात दिलेलं रक्त लपवतो. रक्त काढायला आठ-दहा मिनिटं लागतात, पण फॉर्म, तपासणी, विश्रांती धरून माणूस पाऊण तास गुंततो. दुकानदाराला तेवढा वेळ मिळावा म्हणून आम्ही बाजार बंदच्या वारी, सकाळी लवकर ठेवतो.

८. परवानग्या: तीन आठवडे आधी, दोन प्रतींत

रस्त्यावर मंडप घालायचा तर महापालिका, पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि अग्निशमन. विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी. दुकानातून वायर ओढू नका. एका शॉर्टसर्किटने तुमचा विमाही अडेल. ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. खाण्याचं वाटप असेल तर नोंदणी असलेलाच आचारी घ्या. थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले २०१८ पासून बंद आहेत, पत्रावळी आणि द्रोण आणा.

फ्लेक्सवर परवानगीचा क्रमांक आणि मुदत छापलेली हवी. आणि कार्यक्रम संपल्यावर तो कोण उतरवणार, त्याचं नाव आधी लिहा.

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. 'साहेबांशी बोलणं झालंय' याला मंडप उखडताना काही किंमत नसते. आचारसंहिता लागायची शक्यता असेल तर मंचावरच्या पाहुण्यांची यादी लहान ठेवा. खरं तर एरवीही लहानच ठेवा. आमच्या एका कार्यक्रमात मंचावर एकोणीस खुर्च्या होत्या आणि समोर अठ्ठावीस.

९. कंपनीकडून पैसे मिळतात का?

मिळतात, पण बाजारात समजतात तसे नाही. कंपनी कायद्यानुसार ५०० कोटी नक्त मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा पाच कोटी निव्वळ नफा, यातलं काहीतरी असलेल्या कंपनीलाच सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. सहकारी साखर कारखाना किंवा पतसंस्था यात बसत नाही, तिथे त्यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे मागा. या खर्चाला सीएसआर म्हणतात, आणि कंपनीकडून असे पैसे घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते. मॅरेथॉन, पुरस्कार, एक दिवसाचा समारंभ यांवरचा खर्च यात धरतच नाहीत. म्हणून नोंदणी नसलेल्या पेठेच्या संघटनेने स्थानिक नोंदणीकृत ट्रस्टबरोबर मिळून अर्ज करावा, आणि एका दिवसाचा नाही, वर्षभराचा प्रस्ताव द्यावा. आम्ही दोनदा प्रयत्न केला, एकदा जमलं.

कंपनीने बॅनरच्या बदल्यात पैसे दिले तर ती देणगी नाही, जाहिरात झाली. बिल कसं करायचं ते सीए सांगेल.

१०. मार्च संपला की

हिशोब एका पानावर मावला पाहिजे. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, आणि शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळणारी. ते पान आम्ही चहाच्या टपरीवर लावतो, फळ्यावर नाही. फळा कुणी वाचत नाही. पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ किराणा व्यापाऱ्यांनी टपरीवरून फोन केला, "वहिनी, बिस्किटाचे चारशे वीस कशाला? तेव्हा बिस्किटं मी दिलेली." बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्याच खर्चाची पावती चुकून तिथे लागली होती. दुरुस्त करून नवं पान लावलं. त्या गल्लीची वर्गणी पुढच्या वर्षी न मागता आली. लेखापरीक्षण सहा महिन्यांच्या आत उरकून धर्मादाय कार्यालयात जमा करा.

पद सोडताना पुढच्या माणसाच्या हातात द्यायच्या वस्तू: इतिवृत्ताची वही, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं मोजून, चेकबुक, पॅनकार्ड, नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, चेंज रिपोर्टची पोच, फुटांची वही, मंगल कार्यालय आणि टेम्पोवाल्यांचे नंबर, पंपांची यादी. आणि संघटनेचा रबरी शिक्का. तो कुणाच्या घरी आहे ते पद घेण्याआधीच शोधा. आमचा दोन वर्षं माजी सचिवांच्या देवघरात होता, कुंकवाच्या डबीशेजारी.